पिल्लांना हात लावू नये

१४ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार वर्षांनी पत्र येतं आणि त्याची पहिली ओळ 'फोन करू नकोस, लिही' अशी असते, म्हणजे तू माझीच मुलगी, यात शंका नको. फोनवर मी घड्याळाकडे बघत बोलते, असं तुझं म्हणणं. बघते खरी.

सातवा महिना लागला हे वाचून मला आनंद झाला. वाक्य कोरडं वाटेल. मी ते तीनदा लिहून बघितलं, तिन्ही वेळा असंच उतरलं. तेव्हा असंच घे.

पुढचं वाचून मात्र मी उठले आणि खिडकी उघडली. बाळ आठ दिवसांचं झालं की तू ते नणंदेकडे देणार. वर्षभर तिच्याकडेच ठेवणार. कारण ती मायाळू आहे आणि तू माझ्यावर गेली आहेस. 'खाण तशी माती' असं लिहिलंस, आणि वर माझाच दाखला दिलास: 'तूच जेवताना सांगितलं होतंस, कोरड्या आईचं पिल्लू पहिल्या आठवड्यात चांगल्या आईखाली ठेवलं की ते सुधारतं.'

सांगितलं होतं. तुझे बाबा वैतागलेही होते, जेवताना उंदीर नकोत म्हणून. पण अर्धवट ऐकून तू एवढा मोठा बेत करशील असं वाटलं नव्हतं, म्हणून आता पूर्ण सांगते.

आमच्या उंदीरघरात मॅडमचा प्रयोग चालतो तो असा. काही उंदरिणी पिल्लांना सतत चाटतात, काही जेमतेम. चाटलेली पिल्लं मोठी होऊन धीट होतात. न चाटलेली दचकतात, कोपरा धरतात, आणि त्यांच्यातल्या माद्या पुढे आपल्या पिल्लांना कमीच चाटतात. ज्या उंदरिणीला गाभण असताना भीती दाखवली, तीही कमी चाटते. म्हणजे आजीवर गुजरलेलं नातीच्या अंगात निघतं. मॅडम म्हणतात, जन्मतःच अंगात, घरातल्या दिव्यांसारखी, सगळी बटणं बसवलेली असतात, ती काही बदलत नाहीत. पण आई कशी वागते त्यावरून काही बटणांवर चिकटपट्टी बसते. पट्टी बसली की बटण असून दाबता येत नाही. आणि हो, पिल्लू दुसऱ्या आईखाली ठेवलं तर ते तिच्यासारखं होतं. एवढं तू ऐकलंस.

जे ऐकलं नाहीस ते हे, की कुठलीही उंदरीण आपलं पिल्लू आपणहून देत नाही. ते आम्ही उचलून नेतो. तिला कोणी विचारत नाही. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मॅडम स्वतः दर सोमवारी सांगतात.

माझ्या वेळी तू कशी होतीस, असं शेवटी विचारलंस. मी कामात असायची. बाळाचं तुझ्या बाबांना जास्त जमायचं. एवढंच.

गोळ्या वेळेवर घे.

आई


२ सप्टेंबर

भिंगरी,

कार्ड मिळालं. 'उंदीर पुरे. माझं सांग.' चार शब्दांसाठी तिकीट वाया घालवलंस.

सांगते. तू दार आपटलं की दचकायचीस. कुकरच्या शिटीला टेबलाखाली जायचीस. कोणी उचलायला गेलं की गरकन फिरून निसटायचीस, म्हणून बाबांनी भिंगरी नाव ठेवलं. अंघोळ तेच घालायचे, बाटली तेच द्यायचे, खांद्यावर टाकून फिरवायचे तेच. मी तुझे कपडे धुवायची आणि बाटल्या उकळायची. डॉक्टर म्हणायचे पाच मिनिटं उकळा, मी वीस मिनिटं उकळायची. तीन बाटल्यांचा रंग गेला. याला तू माया म्हणणार नाहीस, ठाऊक आहे.

आता उंदीर पुरे म्हणालीस तरी एक उंदीर सांगावाच लागेल, कारण मी एक उद्योग करून बसलेय आणि ते सांगण्यासारखं दुसरं माणूस मला नाही.

सतरा नंबरच्या पिंजऱ्यात एक उंदरीण आहे. मी तिला साहेबीण म्हणते. आठ पिल्लं झाली, आणि ही बाई पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसते. पाजायला येते, ते कचेरीत सही करायला आल्यासारखी. माझं काम असं, की दिवसातून पाच वेळा तासभर समोर बसायचं आणि दर तीन मिनिटांनी तक्त्यात खूण करायची. चाटत असेल तर 'चा', पाजत असेल तर 'पा', लांब असेल तर शून्य. साहेबिणीचा तक्ता म्हणजे शून्यांची माळ. दारावर पाटी आहे: 'पहिला आठवडा पिल्लांना हात लावू नये.' भुसासुद्धा बदलायचा नसतो. चौतीस वर्षं मी ती पाटी पाळली.

तुझं पहिलं पत्र आलं, त्यानंतरच्या सोमवारी साहेबीण व्याली. मंगळवारी दुपारी खोलीत कोणी नव्हतं. मी पिंजरा उघडला, आठही पिल्लं उचलली, वाडग्यात मऊ फडकं घालून त्यात ठेवली. शेंगेएवढी असतात, आतलं दूध पोटातून दिसतं. पंधरा मिनिटांनी परत ठेवली. का केलं, विचारू नकोस. त्या तक्त्यात मला आणखी एक शून्य घालवेना.

आणि काय सांगू, साहेबीण धावत आली. एकेक पिल्लू उलटंपालटं करून चाटलं. माझ्या हाताला किती खुणा कराव्या लागल्या! मग मी रोज तेच केलं, सहा दिवस. तक्त्यात खोटं काही लिहिलं नाही. खूण खरीच केली, फक्त माझा हात लिहिला नाही.

आता मॅडम नाचताहेत. त्यांना वाटतंय साहेबीण आपोआप बदलली. अहवालात तिच्यावर वेगळं पान घालणार आहेत.

आई


१९ सप्टेंबर

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. जावईबापूंचा फोन आला होता, त्यांना मी लिहायला सांगू शकत नाही ना. म्हणाले, 'आई, ताईंनी त्यांच्याकडे बाळाची खोली रंगवलीय. पाळणा आलाय. तो जोडायला मी उद्या जातोय.' आवाज असा होता, जणू दुसऱ्याच्या घरचं सामान हलवायला चाललेत. मी विचारलं, 'तुम्हाला हवंय का हे?' ते म्हणाले, 'तिची भीती बघवत नाही हो. आरशासमोर उशी घेऊन उभी राहते आणि खाली ठेवून देते.'

मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. या दोन गोष्टींचा संबंध काय, तर मला वाटलं, एक तरी झाकण काढावं. हात दाखवून अवलक्षण, पण काढलं.

मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मला मावशी म्हणतात. मी म्हटलं, 'मॅडम, सतरा नंबर आपोआप बदलली नाही. मी पिल्लांना हात लावला.'

'किती वेळा?'

'सहा दिवस. रोज पंधरा मिनिटं.'

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, 'मावशी, अहो, हे तर जुनंच आहे. पिल्लं थोडा वेळ उचलून परत ठेवली की आई जास्त चाटते, हे मी कॉलेजात शिकले. म्हणून तर ती पाटी आहे.'

मी समजत होते मी काहीतरी शोधून काढलं. डोंगर पोखरून उंदीर म्हणतात तो असा.

'मग आम्हाला कारण का नाही सांगितलं?'

'तुम्ही विचारलं नाहीत.'

'पाटीला कोण विचारणार, मॅडम? मी समजत होते, हात लावला की पिल्लांचं वाईट होतं.'

मग मी विचारलं, ती आठ पिल्लं दचकी निघतील का. म्हणाल्या, बहुतेक नाही. मी म्हटलं, बहुतेक म्हणजे किती? तर म्हणाल्या, 'मावशी, आमच्या धंद्यात बहुतेक म्हणजे पुष्कळ झालं.' मी म्हटलं, 'आणि माणसांचं?' त्यावर मात्र त्या माझ्याकडे नीट बघून बोलल्या. 'माणसांचं एवढं सरळ नसतं. उंदरावरून घरातलं कोणी ठरवत असेल तर त्यांना थांबवा.' मी घरातलं नावही काढलं नव्हतं.

शिक्षा व्हायची ती झाली. एका पिंजऱ्याला हात लावला म्हणजे बाकीच्यांना लावला नसेल कशावरून? तीन महिन्यांची सगळी तुकडी बाद. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि त्यांचं बरोबर होतं. मला निरीक्षणावरून काढून पिंजरे धुवायला घातलंय. निवृत्तीला दोन वर्षं असताना परत पहिल्या पायरीवर. गरम पाण्याने पाठीला बरं वाटतं, एवढा फायदा.

साहेबिणीचा तक्ता आता कोणी भरत नाही. तरी मी जाताना डोकावते. चाटतेय.

हे सगळं नमनाला घडाभर तेल आहे, हे तुला कळलं असेल. मुद्द्याचं मला अजून लिहिता आलेलं नाही. थोडे दिवस दे.

आई


६ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझ्या आधी आम्हाला एक मुलगा होता. तो एकोणीस दिवस जगला.

हे वाक्य लिहिलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासून आले. सगळी स्वच्छ होती.

तो पंधरा दिवसांचा असताना उंदीरघरातून निरोप आला, नव्या माणसाला पाण्याच्या बाटल्यांचं जमत नाही, तासभर येऊन जा. मी गेले. मला जायचंच होतं, घरात बसून कंटाळा आला होता, हेही लिहून टाकते. परत आले तेव्हा तो रडत होता. दारातून सरळ आत गेले आणि त्याला उचललं. सतराव्या दिवशी ताप आला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी गेला, माझ्याच हातात.

उचलण्याआधी मी हात धुतले होते की नाही, मला आठवत नाही. तेहेतीस वर्षं आठवून बघतेय. कधी नळाचा आवाज आठवतो, पण तो त्याच दिवसाचा कशावरून? डॉक्टर म्हणाले, उंदरांचा संबंध नाही, इतक्या लहान बाळाला ताप कुठूनही येतो. तुझ्या बाबांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला. मी ठेवला नाही.

दोन वर्षांनी तू झालीस. नर्स तुला माझ्याजवळ घेऊन आली आणि मी म्हटलं, 'त्यांच्याकडे द्या.' तिला वाटलं, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं. बाबांनी हात पुढे केले. मग वर्षभर तेच चाललं. मी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, कातडी सोलली जायची, तरी तुला घ्यायची वेळ आली की हात वर उचलला जायचा नाही. तू झोपलीस की दारात उभी राहून तुझे श्वास मोजायची. मोजायची नोकरी मला पुढे मिळाली, सवय आधीची. वर्ष झालं, दोन झाली, भीती थोडी ओसरली. पण तोवर तू माझ्याकडे यायचं सोडलं होतंस, आणि मला बोलवायला जमलं नाही.

बाबांना तुला सांगायचं होतं. तू दहा वर्षांची असताना, वीस वर्षांची असताना, तुझ्या लग्नाआधी. प्रत्येक वेळी मी त्यांना शपथ घातली. त्यांचं मला फार वाईट वाटतं. ते जन्मभर माझ्यासाठी हे बोलणं गिळत राहिले.

ते गेले त्या दिवशी तू मला बिलगायला आलीस आणि मी मागे सरले. चौथ्या दिवशी कामावर गेले. 'तुला मी कधी नकोच होते,' असं तू म्हणालीस आणि गेलीस. तेव्हा बोलायला हवं होतं. आता लिहितेय: तू मला हवी होतीस. फार हवी होतीस. मी तुझा जीव घेईन या भीतीने मी तुला हात लावला नाही.

तेव्हा खाण वाईट नव्हती, पोरी. खाणीत अपघात झाला होता. माझ्या भीतीने तुझ्यात काही पट्ट्या बसल्या असतील, नाही म्हणत नाही. टेबलाखाली जाणारी ती मुलगी मीच घडवली. पण ते तुझं रक्त नव्हे आणि तुझ्या बाळाचं तर मुळीच नव्हे.

आता नणंदेचं. ती चांगली बाई आहे. तुला बरं नसलं, दमलीस, झोप हवी झाली तर दे तिच्याकडे खुशाल, दिवसभर दे. पण तुझा हात वाईट म्हणून देऊ नकोस. कारण तो प्रयोग या घरात एकदा झालाय. मीही बाळ चांगल्या हातात दिलं आणि लांब उभी राहिले. तुझ्या बाबांइतके चांगले हात कुठे मिळणार? तुला काही कमी पडू दिलं नाही त्यांनी. तरी एकतिसाव्या वर्षी तू मला पत्र लिहून विचारतेस, माझ्या वेळी तू कशी होतीस.

आता रागव. मी इथेच आहे. फोनही कर हवं तर, घड्याळ काढून ठेवलंय.

आई


२२ नोव्हेंबर, स्टेशनवर

भिंगरी,

हे पत्र पेटीत टाकणार नाही, हातातच देईन. समोर आल्यावर माझ्या तोंडून काही निघेल याची खात्री नाही, म्हणून बाकावर बसून लिहितेय.

सहा आठवडे तू लिहिलं नाहीस. मी रोज पेटी बघितली आणि रोज स्वतःला म्हटलं, तेहेतीस वर्षं दडवलेलं सहा आठवड्यांत कसं पचेल? मधे फक्त जावईबापूंचा एक फोन आला, तोही तक्रारीचा: 'आई, तो पाळणा मी जोडला, आता सुटा करून घरी आणायचाय. स्क्रू सापडत नाहीत.' मी स्क्रूंविषयी दहा मिनिटं बोलले. फोन ठेवल्यावर रडले.

काल तुझी चिठ्ठी आली, कुणा ओळखीच्यांबरोबर पाठवलीस ती. मुलगी झाली. तू लिहिलंस, पहिल्यांदा घेतलं तेव्हा हात इतके कापत होते की नर्सने खाली उशी दिली. मग दिली नाहीस कुणाला दीड तास. नणंद दाराशी उभी राहून म्हणाली, 'अगं, मला बघू तरी दे.' तुझ्या अक्षरात हसू पहिल्यांदाच वाचलं मी.

सकाळी मॅडमकडे रजा मागायला गेले. किती दिवस, म्हणाल्या. मी म्हटलं, ठाऊक नाही. त्यांनी दिवसांची जागा कोरी ठेवून सही केली. इतक्या नेमक्या बाईने असं केलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मी मनाशी ठरवत होते, बाळाला कसं घ्यायचं, मान कशी धरायची. कपाटातली उशी घेऊन सरावही केला, हसू नकोस. पण चिठ्ठीची शेवटची ओळ परत वाचली आणि उशी ठेवून दिली. 'बाळाला घ्यायला इथे रांग लागलीय. तू माझ्यासाठी ये.'

गाडी दोन तास उशिरा आहे, असं आत्ताच सांगून गेले. शेजारच्या बाईने माझी पिशवी बघून विचारलं, 'नातवंडाला बघायला निघालात वाटतं?'

मी म्हटलं, 'नाही हो. मुलीला जवळ घ्यायचं राहून गेलंय, तेवढ्यासाठी निघालेय.'

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय.

आई